आठ नाय, अकरा

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर प्रार्थनेची वेळ मुद्दाम दिवेलागणीची ठेवली आहे, कारण दारूची वेळ तीच, असं जव्हारच्या बाजारात एका बाईने मला सांगितलं. पापमुक्तीवरची प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत, पण त्या कामाला कुणी अशी वेळ नेमून दिलेली ऐकली नव्हती. म्हणून गेले.

मे संपत आला होता. वीटभट्ट्यांवर गेलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडून नुकतीच परतली होती. रोपांसाठी राब भाजून झाले होते आणि त्यांचा जळका वास उतारावर रेंगाळत होता. प्रार्थना लांबली, कारण पाण्याचा टँकर उशिरा आला आणि हंडे सोडून बायका येईनात. मुंबईची तहान भागवणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे.

घर कारवीच्या कुडाचं, शेणाने सारवलेलं. खाली ताडपत्री, एक ढोलकी, तीन-चार बायबलं. प्रार्थना चालवणारे दादा पगारी पाळक नाहीत, तेही भट्टीवर विटा थापतात. गाणी झाली, वाचन सुरू झालं आणि कुडाच्या फटींतून दुसराच वास आत शिरला. पलीकडच्या आवारात मोहाची दारू गाळत होते. दोघा-तिघांच्या माना वळल्या. दादा दार लावून घ्यायला सांगतील असं मला वाटलं. दार उघडंच राहिलं.

वाचन होतं रोमकरांस पत्रातल्या सहाव्या अध्यायाचं. पापाबद्दल बोलताना पौल तिथे गुलाम, धनी आणि मजुरी यांचे दाखले देतो. शहरातल्या चर्चमध्ये यावर अर्धा तास समजावून सांगावं लागतं. इथे दादा दोन वाक्यं बोलले आणि थांबले. भट्टीचा शेठ आधी उचल देतो, मग दिवाळीनंतर घरदार उचलून जायचं आणि पाऊस तोंडावर येईतो विटा पाडून ती फेडायची. हिशेबाअंती हातात काही उरलं तर नशीब. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली बंद झाली, उचल चालूच आहे. धन्याच्या हातून सुटणं म्हणजे काय, हे त्या ताडपत्रीवर बसलेल्यांना पौलाकडून शिकायचं नव्हतं.

मग साक्षी. दाराशी बसलेला एक तिशीतला माणूस उभा राहिला. गेल्या साली तीस हजार उचल घेतली, म्हणाला. त्यातले आठ हजार दारूत घातले.

बायकांच्या बाजूने, मांडीवरच्या पोराला थोपटत, मान वर न करता त्याची बायको म्हणाली, "आठ नाय, अकरा."

कुणी हसलं नाही. दादा वाट बघत राहिले. बऱ्याच वेळाने तो माणूस म्हणाला, "अकरा."

अकरा हजार. तीन हजारांचा तो फरक माझ्या मनातून अजून जात नाही. देवापुढे उभं राहूनही माणूस स्वतःला थोडी सूट देतो, आणि ज्या माणसाचं त्यात नुकसान झालं त्यालाच खरा आकडा ठाऊक असतो. दादांनी पुढचा प्रश्न त्याला विचारलाच नाही, तिला विचारला. "यंदा?"

"दोनदा," ती म्हणाली.

छापील साक्षींमध्ये असं दोनदा कधी येत नाही. तिथे एका रात्रीत जुना माणूस मरतो आणि सकाळी नवा उठतो. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं तसं नव्हतं. त्यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा. त्यानंतरही त्यांचा तापट स्वभाव घरात कसा वावरत होता, हे पत्नी लक्ष्मीबाईंनी आपल्या स्मृतिचित्रांत लपवलेलं नाही. टिळकांवरचं त्यांचं प्रेम आणि त्यांची श्रद्धा त्यामुळे उणी होत नाही. उलट मला ते पुस्तक म्हणूनच खरं वाटतं. या पाड्यावरच्या बाईला लिहिता येत नसेल, पण काम तिने तेच केलं.

या भागात प्रार्थनेला बसणाऱ्यांवर आमिषाचा आरोप नेहमी होतो आणि धर्म बदललेल्या आदिवासींच्या सवलती काढा, अशी डी-लिस्टिंगची मागणीही जोरात आहे. अनुसूचित जमातीचा दर्जा आज धर्मावर ठरत नाही. मीही धान्याची पोती शोधली. दिसली ती एक ताटली आणि तिच्यात दहा-दहाच्या नोटा. त्या एका बाळंतिणीला जव्हारच्या पतंगशहा कुटीर रुग्णालयात न्यायच्या भाड्याला गेल्या. तापाने फणफणलेलं पोर कुणी प्रार्थनेला आणलं, तेव्हा दादांनी डोक्यावर हात ठेवला आणि लगेच मोटरसायकल काढायला लावली. १९९२ साली वावर-वांगणीतली पोरं कुपोषणाने गेली, त्या जव्हार तालुक्याच्या शेजारी प्रार्थनेवर विसंबून दवाखाना टाळणं मला कधीच सहन झालं नसतं.

एक गोष्ट मात्र मला सलते. प्रार्थना चालली त्या घरातला म्हातारा बाप बाहेर ओट्यावर बसला होता. त्याचा पोरगा आता बोहाड्यात सोंग घेत नाही, वाघबारशीला येत नाही, तारपा वाजला की घरात जातो. या सगळ्याबरोबर दारू येते, म्हणून सगळंच सोडलं, असं पोरगा सांगतो. टिळकांनी अभंग आणि कीर्तन सोबत घेऊनच ख्रिस्ताची वाट धरली होती. तारप्याला त्या ताडपत्रीवर जागा का मिळू नये? मी दादांना विचारलं. "आत्ता नाय जमायचं," ते म्हणाले. "सूर ऐकला की हात ग्लासाकडं जातो. पोरांच्या वेळी बघू." हे उत्तर मला पुरेसं वाटलं नाही, पण त्यांनी विचार केलेला होता.

अकरा हजार कबूल करणाऱ्या त्या माणसाला कुणी उठवून लावलं नाही. चौघांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवले, मोठ्याने प्रार्थना केली, तोही रडला. मग दादांनी डोळे पुसले आणि कामाला लागले. पुढच्या हंगामात तो कुठल्या भट्टीवर जाणार? त्याच भट्टीवर आपल्यातलं दुसरं कोण? खर्ची, म्हणजे शेठ आठवड्याला खर्चापुरते देतो ते पैसे, कुठल्या वारी वाटतात? दोनदा प्यायला तो दोन्ही वेळा खर्चीच्याच रात्री, हे बायकोने सांगितलं. तेव्हा असं ठरलं की खर्ची तिच्या हातात द्यायला शेठला सांगायचं आणि त्या रात्री प्रार्थना त्याच्याच झोपडीत घ्यायची. दोघं तयार झाले. तिसरा म्हणाला, मला भट्टी लागायची रात्रपाळी असते, पण उशिरा का होईना येईन.