विश्लेषण : गरोदरपणात लोहाची गोळी मध्येच का सोडू नये?

गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले, की रक्तक्षय मानला जातो. ७ च्या खाली तो गंभीर ठरतो. बाळंतपणात रक्तस्राव होतोच. अंगात रक्तच कमी असेल, तर एरवी सोसवणारा रक्तस्रावही जिवावर बेतू शकतो.

गोळी कधीपासून, किती दिवस?
चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतरही तितकेच दिवस. सरकारी दवाखान्यात मोफत मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड असते. रक्तक्षय असल्यास डॉक्टर डोस वाढवतात.

चहासोबत का नको?
चहा-कॉफीमुळे लोह नीट शोषले जात नाही. कॅल्शियमची गोळीही आड येते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. लिंबू, आवळा, पेरू यांतील ‘क’ जीवनसत्त्वाने मात्र शोषण वाढते.

शौचाला काळे झाले तर?
ते गोळीमुळेच होते, घाबरू नका. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्या. गोळीने बाळ काळे होते, हा निव्वळ गैरसमज आहे.

तपासणी कुठे?
पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी होते. मात्र बसल्याजागी धाप लागणे, रक्तस्राव किंवा बाळाची हालचाल मंदावणे दिसल्यास तारखेची वाट पाहू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक फिरवा.