मैथुनजन्य डोकेदुखी

लैंगिक उत्तेजन वाढत असताना अथवा कामपूर्तीच्या क्षणी उद्भवणारी डोकेदुखी. मैथुनकाळी हृदयाची धडधड, जलद श्वासोच्छ्‌वास, घाम, त्वचेवरील लाली, स्नायूंचा ताण व कंप यांसारखी लक्षणे सर्वसाधारणपणे दिसतात आणि ती थोड्याच वेळात ओसरतात. विल्यम मास्टर्स व व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार कामपूर्तीच्या वेळी हृदयस्पंदनांची गती दर मिनिटास ११० ते १८० पर्यंत वाढते, रक्तदाबही वाढतो. निरोगी शरीर हा ताण सहज सहन करते. डोकेदुखी मात्र या नेहमीच्या लक्षणांत मोडत नाही. ती बहुधा निरुपद्रवी असली, तरी पहिल्या वेळी तसे गृहीत धरता येत नाही.

ऑस्ट्रेलियन तंत्रिकावैज्ञानिक जेम्स लान्स यांनी १९७६ मध्ये अशा २१ रुग्णांचे वर्णन करून तिचे दोन प्रकार सांगितले. पहिल्या प्रकारात उत्तेजनाबरोबर मान व डोके यांत मंद वेदना सुरू होऊन ती हळूहळू वाढते. मान व जबडा यांच्या स्नायूंच्या आकुंचनाशी तिचा संबंध जोडण्यात आला. दुसऱ्या प्रकारात कामपूर्तीच्या सुमारास एकाएकी अतितीव्र वेदना उसळते. तिचे कारण रक्ताभिसरणातील बदल असावे, असे लान्स यांचे मत होते. त्यांच्या रुग्णांपैकी १८ जणांवर २ ते ७ वर्षे लक्ष ठेवले असता कोणालाही मस्तिष्काचा गंभीर विकार झाल्याचे आढळले नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात हे दोन्ही प्रकार एकत्र करण्यात आले असून, तीव्र वेदना १ मिनिट ते २४ तास व सौम्य वेदना ७२ तासांपर्यंत टिकू शकते, असे त्यात नमूद केले आहे. ही डोकेदुखी स्त्रियांपेक्षा पुरुषांत अधिक आढळते. वेदना बहुधा डोक्याच्या दोन्ही बाजूंस किंवा मागील भागात असते. काही रुग्णांना अर्धशिशीचाही त्रास असतो.

धोक्याची कारणे : अगदी अशीच वेदना मस्तिष्काच्या रोहिणीवरील फुगा फुटून जालतानिकेखाली (मस्तिष्कावरील मधल्या आवरणाखाली) रक्तस्राव झाल्यानेही होते. रक्तदाब अचानक वाढल्याने असा फुगा मैथुनाच्या वेळी फुटू शकतो. पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती पहिल्या २४ तासांत सर्वाधिक असते. मस्तिष्क रोहिण्यांचे तात्पुरते आकुंचन हे दुसरे कारण होय. बाळंतपणानंतर अथवा चोंदलेले नाक मोकळे करणाऱ्या काही औषधांच्या सेवनाने ते घडू शकते. त्यात डोकेदुखीचे झटके काही दिवसांच्या अंतराने पुनःपुन्हा येतात. याखेरीज सिल्डेनाफिलसारख्या औषधांनीही डोके दुखते. हृद्‌शूलासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाने सिल्डेनाफिल घेतल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो.

निदान : केवळ वेदनेच्या स्वरूपावरून निरुपद्रवी व घातक प्रकार वेगळे करता येत नाहीत. म्हणून एका मिनिटाच्या आत परमावधीस पोहोचणारी पहिलीच डोकेदुखी असल्यास रुग्णास तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. उलटी, मान ताठरणे, शुद्ध हरपणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलणे अडखळणे किंवा हातापायांतील शक्ती जाणे ही लक्षणे असल्यास विलंब करू नये. डोक्याचे सी. टी. स्कॅन पहिल्या काही तासांत रक्तस्राव सर्वांत खात्रीने दाखविते. शंका उरल्यास पाठीच्या कण्यातून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव तपासतात व रोहिण्यांचे चित्रण करतात.

या तपासण्यांची दिशा रुग्णाच्या कथनावर अवलंबून असते. संकोचामुळे पुष्कळ रुग्ण व त्यांचे जोडीदार डोकेदुखी कोणत्या वेळी सुरू झाली हे सांगत नाहीत. ‘पित्ताने डोके चढले’ असे म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन स्वस्थ राहतात. रक्तस्रावाच्या रुग्णाच्या बाबतीत हा विलंब प्राणघातक ठरू शकतो. वेदना केव्हा, कशी व किती वेगाने सुरू झाली, एवढे स्पष्ट सांगणे पुरेसे असते. वैद्यानेही हा प्रश्न सरळ व खाजगीत विचारावा.

चिकित्सा : गंभीर कारणे वगळल्यानंतर रुग्णास व जोडीदारास विकाराचे स्वरूप समजावून दिल्याने भीती बरीच कमी होते. काही आठवडे मैथुन टाळणे व नंतर श्रम कमी ठेवणे उपयुक्त ठरते. वेदना वारंवार होत असल्यास मैथुनापूर्वी ३० ते ६० मिनिटे इंडोमेथॅसीन अथवा काही काळ रोज प्रोप्रॅनोलॉल देतात. जठरव्रण असलेल्यांना पहिले व दमेकऱ्यांना दुसरे औषध अपायकारक असल्याने ती वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत. पुष्कळ रुग्णांत हा विकार काही काळाने आपोआप थांबतो. काहींत तो पुन्हा उद्भवतो. पूर्वीच्या तपासण्या निर्दोष असल्या, तरी वेदनेचे स्वरूप बदलल्यास त्या पुन्हा कराव्या लागतात.