पीसीच्या कॅबिनेटमध्ये छोटी स्क्रीन बसवायचीय? आधी वायर कुठून जाणार ते बघा

गेमिंग पीसीचे रील्स बघताना एक गोष्ट हमखास दिसते. काचेच्या कॅबिनेटमध्ये रंगीबेरंगी फॅन फिरतायत आणि शेजारच्या इवल्याशा स्क्रीनवर प्रोसेसरचं तापमान, फॅनचा वेग, रॅमचा वापर असे आकडे पळतायत.

पण हा नुसता शो आहे का? तर नाही. प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास तापला की बरेचदा स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळायला लागतो. विदर्भातल्या मे महिन्यात तर खोलीतली हवाच तापलेली असते. अशा वेळी गेम बंद न करता तापमान दिसलं, तर दुखणं कुठं आहे ते लगेच कळतं.

कल्पना तशी जुनीच. २००५ च्या लॉजिटेक जी१५ कीबोर्डवर अशी छोटी एलसीडी होती, तर २००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टात अशा जोड-स्क्रीनसाठी 'साईडशो' नावाची सोय होती.

मग घ्यायची कुठली?

बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात.

पहिला यूएसबीवाला. साधारण ३.५ इंच, ४८०×३२० पिक्सेल. एकाच वायरमधून वीजही येते आणि चित्रही. मदरबोर्डवरच्या ९ पिनच्या यूएसबी हेडरला अडॅप्टर लावला की वायर आतल्या आत राहते. पण यातल्या बऱ्याच स्क्रीन विंडोजला मॉनिटर म्हणून दिसतच नाहीत. सोबतचं सॉफ्टवेअर पाठवेल तेवढंच चित्र दिसतं. त्यावर युट्यूब लावायचं म्हटलं तर जमत नाही.

दुसरा एचडीएमआयवाला. ८.८ इंची लांबट पट्टी यात लोकप्रिय आहे. हा खरोखरचा दुसरा मॉनिटर. एडा६४ किंवा फुकट मिळणारं रेनमीटर वापरून हवे ते आकडे मांडता येतात. अडचण अशी, की ग्राफिक्स कार्डचं पोर्ट कॅबिनेटच्या बाहेर असतं. त्यामुळं केबल मागून बाहेर काढून रिकाम्या स्लॉटमधून पुन्हा आत घ्यावी लागते. शिवाय माऊसचा बाण अधूनमधून त्या पट्टीत जाऊन हरवतो, तो त्रास वेगळाच.

बसवताना काय सांभाळायचं?

पीसी बंद करून प्लग काढल्याशिवाय आत हात घालायचा नाही. हेडरची एक पिन मुद्दाम गाळलेली असते, ती बघूनच अडॅप्टर लावायचा. समोरच्या ऑडिओचं हेडरही जवळपास तसंच दिसतं, म्हणून बोर्डावर छापलेलं नाव वाचायचं. जोर लावून पिन वाकली किंवा चुकीच्या जागी जोडणी झाली, तर मदरबोर्डच खराब होऊ शकतो.

स्क्रीन हवा आत घेणाऱ्या फॅनसमोर चिकटवायची नाही. नाहीतर तापमान दाखवायला आणलेली वस्तूच तापमान वाढवणार.

पीसी बंद केल्यावरही स्क्रीन चालूच राहिली तर घाबरायचं कारण नाही. बरेच मदरबोर्ड बंद असतानाही यूएसबीला ५ व्होल्ट देत राहतात. बायोसमध्ये 'ईआरपी' हा पर्याय असेल तर तो चालू केल्यावर हा पुरवठा बहुतेक वेळा थांबतो.

थोडक्यात, फक्त आकडे हवे असतील तर यूएसबी पुरेशी आहे. चॅट, गाणी, व्हिडिओ हवे असतील तर एचडीएमआय. आणि आकडा सारखाच शंभरीकडं जात असेल, तर स्क्रीनवर खर्च करण्याआधी फॅनवरची धूळ झाडून बघावी.