बोल्ट आपोआप ढिला का होतो?

मोटारसायकलवरून शाळेला जाणाऱ्या बहुतेकांना हा आवाज परिचित असेल. वेगकाटा चाळिसावर आला की बाजूच्या प्लॅस्टिकच्या पॅनेलमधून खडखड सुरू होते आणि पन्नासावर ती थांबते. माझ्या गाडीची खडखड मी वर्षभर सहन केली. दर महिन्याला १० नंबरचा पाना घेऊन बोल्ट आणखी आवळत असे. शेवटी पॅनेललाच तडा गेला, आणि खडखड मात्र होती तशीच राहिली.

आवाज ठरावीक वेगालाच का येतो? एका सिलिंडरच्या इंजिनाचे मिनिटाला ३००० फेरे होत असतील तर दट्ट्या सेकंदाला ५० वेळा खाली-वर होतो आणि सारी गाडी त्याच वारंवारतेने कंप पावते. पॅनेलची नैसर्गिक वारंवारता नेमकी तेवढीच असली तर अनुनाद होतो. झोका योग्य क्षणी ढकलला की उंच जातो, तसेच हे. दोषी भाग शोधायला याचाच उपयोग होतो. गाडी उघड्यावर मधल्या स्टँडवर, न्यूट्रलमध्ये उभी करून ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवावा. आवाज सुरू झाला की दुसऱ्याने एकेक पॅनेल तळहाताने दाबून पाहावे (सायलेन्सर आणि चेनपासून हात दूर!). ज्यावर हात ठेवल्याने आवाज थांबेल, ते पॅनेल दोषी.

आता बोल्टकडे वळू. बोल्टाचे आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण. कागदाचा काटकोन त्रिकोण पेन्सिलीभोवती गुंडाळला की वर्गात हे सहज दाखवता येते. ६ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टात या उतरणीचा कोन जेमतेम साडेतीन अंश असतो. पोलादावरून पोलाद घसरायला साधारण आठ-नऊ अंशांचा उतार लागतो. म्हणजे हिशेबाने बोल्ट आपोआप सुटताच कामा नये. तरीही तो सुटतो!

जाड पुठ्ठ्याची वही थोडी तिरकी धरून तिच्यावर नाणे ठेवा. ते घसरणार नाही. आता वहीचा उतार तसाच ठेवून ती डावी-उजवीकडे भराभर हलवा. हलवणे आडवे आहे, तरी नाणे खाली सरकू लागते. घर्षण एका वेळी एकाच दिशेने, म्हणजे घसरण्याच्या उलट दिशेने, काम करते. ते आडव्या घसरणीला विरोध करण्यात गुंतले की उताराला अडवायला फारसे कोणी उरत नाही. बोल्टाचे हेच होते. जर्मन अभियंता गेरहार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की बोल्ट मुख्यतः सुटतो तो जोडलेले भाग एकमेकांवर आडवे सरकल्यामुळे.

मग ते सरकू द्यायचे नाहीत. आवळलेला बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेल्या स्प्रिंगप्रमाणे दोन्ही भाग एकमेकांवर दाबून धरतो. पोलादावर पोलाद असेल तर हा ताण टिकतो. प्लॅस्टिक मात्र दाबाखाली हळूहळू बसते, ताण नाहीसा होतो, आणि आपण पुन्हा आवळतो. माझी चूक हीच होती. पॅनेलच्या भोकात मुळात रबराची कडी असते आणि तिच्या आत धातूची छोटी नळी. बोल्ट त्या नळीवर घट्ट बसतो. प्लॅस्टिक रबरात तरंगत राहते आणि रबर कंपने शोषून घेते. माझ्या गाडीची नळी कोणत्या तरी दुरुस्तीत हरवली होती. काही रुपयांची नळी आणि नवे रबर घातल्यावर खडखड गेली.

धातूवर धातू असेल तिथे आटे स्वच्छ पुसून नायलॉनचे कडे असलेला नट वापरावा. वारंवार काढघाल केली की त्याची पकड जाते. तेव्हा तो बदलावा. स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे फार भरवसा, पण आडव्या हालचालीपुढे त्याचा फारसा निभाव लागत नाही. आटे चिकटवणारा द्रवही मिळतो. हवा नसेल तिथे, धातूच्या सान्निध्यात तो घट्ट होतो. प्लॅस्टिकवर मात्र त्याचा थेंब पडू देऊ नये, काही प्लॅस्टिक त्याने तडकतात.

पॅनेल सुटले तर आवाजावर भागते. ब्रेकचे आणि चाकाच्या आसाचे बोल्ट सुटले तर जिवावर बेतते. ते गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच आवळून घ्यावेत. मग नट आणि शेजारचा धातू या दोहोंवरून ऑइलपेंटची एक सरळ रेघ ओढावी. सकाळी गाडी काढताना रेघ तुटलेली दिसली, तर त्या दिवशी शाळेला एस.टी.ने जावे.