मापाने घेतलेली भेट

पोलंडमधल्या क्राकूफ शहरात २००० साली विद्यार्थ्यांच्या एका गटाने ३० गरीब कुटुंबांना भेटवस्तू पोचवल्या. यात्सेक स्त्रिचेक हे विद्यार्थ्यांमध्ये काम करणारे कॅथलिक धर्मगुरू या गटाचे मार्गदर्शक होते. पुढच्या वर्षी ‘व्योस्ना’, म्हणजे ‘वसंत’, ही संस्था उभी राहिली. ‘श्लाखेत्ना पाच्का’ या नावाने हा उपक्रम आता पोलंडभर ओळखला जातो. ‘थोर मनाचे पार्सल’ असा त्या नावाचा साधारण अर्थ. पंधरा वर्षांत मदत मिळणाऱ्या कुटुंबांची वार्षिक संख्या वीस हजारांच्या आसपास गेली.

पोलंडमधल्या मुलांसाठी डिसेंबर हा भेटींचा महिना. सहा तारखेला संत निकोलसच्या नावाने काहीतरी मिळते आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी झाडाखाली पुन्हा भेटी असतात. क्राकूफच्या परिसरात त्या देवदूत आणून ठेवतो, असे मुलांना सांगतात. त्या रात्रीच्या जेवणात अनपेक्षित पाहुण्यासाठी एक ताट जास्तीचे मांडण्याचीही रीत आहे. ज्या घरात कमाई बेताची, तिथे हाच महिना आईबापांना जड जातो. मुलांना भेटी वाटणारे उपक्रम जगात पुष्कळ आहेत. बहुतेकांची पद्धत ठरलेली: खेळणी गोळा करायची, वयानुसार ढीग लावायचे, वाटून मोकळे व्हायचे. या पद्धतीत देणाऱ्याची सोय होते. मुलाला मात्र कोणाच्या तरी घरातले नको असलेले काहीतरी मिळण्याची शक्यता राहते.

पाच्काने क्रम उलटा लावला: आधी चौकशी, मग वस्तू. कुटुंबाला स्वतःहून अर्ज करता येत नाही. शिक्षक, समाजसेवक, शेजारी किंवा चर्चमधली मंडळी नाव सुचवतात, आणि मग स्वयंसेवक त्या घरी जातात. घरात कमावते कोण, आजारी कोण, औषधपाण्यावर किती जातात, महिनाअखेर हातात काय उरते, हे सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून विचारावे लागते. विशीतल्या मुलाने पन्नाशीच्या बाईला असे प्रश्न विचारायचे, हे सोपे काम नव्हे. या उपक्रमातला खरा कस इथे लागतो. खोकी वाहून नेणे त्यामानाने किरकोळ.

या भेटीतून कुटुंबाची माहिती तयार होते. आडनाव आणि पत्ता गाळून ती संकेतस्थळावर ठेवली जाते. तीन सर्वांत निकडीच्या गरजा आधी येतात: बहुधा टिकाऊ धान्य आणि खाद्यपदार्थ, साबण व धुण्याची पावडर, थंडीसाठी कोळसा किंवा कपडे, कधी धुलाईयंत्र. त्यानंतर प्रत्येकाच्या कपड्यांचे आणि बुटांचे माप. शेवटी ‘खास भेट’ असा एक रकाना असतो. गरजेच्या यादीत न बसणारी, पण मनापासून हवी असलेली एखादी वस्तू तिथे लिहायची. मुलाला फुटबॉल हवा असेल, आजीला अत्तर. मदतीच्या अर्जात हौसेला जागा ठेवणे ही छोटी गोष्ट वाटते, पण नेमकी तीच या योजनेला दानपेटीपासून वेगळे करते. गरीब मुलाच्या वाट्याला एरवी स्वेटर येतो. कोणता रंग आवडतो, हे त्याला सहसा कोणी विचारत नाही.

दाता यादीतून एक कुटुंब निवडतो. दाता एकटा क्वचितच असतो. शाळेचा वर्ग, कार्यालयातले सहकारी, मित्रमंडळी वर्गणी काढून खरेदी करतात. म्हणायला एक पार्सल, प्रत्यक्षात रंगीत कागदात गुंडाळलेल्या खोक्यांची रास. डिसेंबरमधल्या एका शनिवार-रविवारी, म्हणजे ‘चमत्कारांच्या वीकेंडला’, ही रास गोदामात येते आणि स्वयंसेवक ती घरी पोचवतात. दाता आणि कुटुंब सहसा समोरासमोर येत नाहीत. खोकी उघडताना काय घडले, ते स्वयंसेवक दात्याला कळवतो. त्यामुळे आईबापांना मुलांदेखत कोणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

या रचनेतल्या एका भागावर टीकाही झाली आहे. स्वयंसेवकाने फक्त गरिबी पाहायची नाही, मदतीने हे कुटुंब स्वतःच्या पायावर उभे राहील का, हेही ताडायचे. मागणीखोर वृत्ती दिसली, तर नकार देता येतो. मोजक्या भेटींत दुसऱ्याची वृत्ती ओळखण्याचा अधिकार तरुण स्वयंसेवकाला द्यावा का, हा आक्षेप रास्त आहे. मोठ्यांच्या वृत्तीचा भुर्दंड त्याच घरातल्या मुलाला बसतो. संस्थेलाही वादळ चुकले नाही. २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांना जाचक वागणूक दिल्याचे आरोप झाल्यावर स्त्रिचेक अध्यक्षपदावरून पायउतार झाले. उपक्रम मात्र थांबला नाही. आज त्याचे स्वयंसेवक केवळ विद्यार्थी नाहीत. नोकरदार आणि निवृत्त माणसेही त्यात आहेत.

भेट वर्षातून एकदा येते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाचे प्रश्न त्याने सुटत नाहीत. व्योस्नानेच २००३ मध्ये सुरू केलेली ‘आकादेम्या प्शिश्वोश्ची’, म्हणजे ‘भविष्याची अकादमी’, या उणिवेला उत्तर देते. इथे एका मुलामागे एक स्वयंसेवक असतो. पुष्कळदा तो महाविद्यालयातला विद्यार्थी. शालेय वर्षभर दर आठवड्याला दोघे भेटतात. मुलाला एक ‘इंडेक्स’ दिला जातो. पोलंडमध्ये विद्यापीठातल्या विद्यार्थ्याच्या परीक्षांचे गुण ज्या पुस्तिकेत नोंदवत, तिचे हे नाव. मुलाच्या पुस्तिकेत फक्त त्याला जमलेल्या गोष्टी लिहायच्या असतात.