रोजचा विसर्ग

बारवी धरण भरून वाहू लागले की ती वार्ता बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगर या तिन्ही गावांत दिवस मावळण्यापूर्वी पोचते. जलपूजन होते, नारळ वाढवला जातो, आणि वर्षाची चिंता मिटली असे म्हणत माणसे छत्र्या झटकून आपापल्या कामाला लागतात. वस्तुतः खरे काम तेथून पुढे असते. औद्योगिक विकास महामंडळाच्या या धरणाची साठवण, उंची वाढवल्यानंतर, सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर झाली आहे. परंतु चार महिन्यांच्या लहरी पावसाने जे ओतले, ते उरलेले आठ महिने बेताबेताने नदीपात्रात सोडून, जांभूळ येथे उचलून, शुद्ध करून कारखान्यांना आणि शहरांना पुरवावे लागते, आणि या कामाचे जलपूजन कोणी करीत नाही.

स्वयंशिस्तीविषयी बोलताना आपण बहुधा पावसाचेच गुणगान करतो. संकल्प, उत्साह, निर्धार ही सारी श्रावणसरींची भाषा झाली. मी स्वतः लागोपाठ तीन वर्षे रोजनिशी विकत आणली. तिन्हींत जानेवारीची पाने काठोकाठ भरलेली, संक्रांतीनंतर अक्षर विरळ झालेले, आणि फेब्रुवारीपासून केवळ दुधाचा हिशेब. दोष इच्छाशक्तीचा, असे मी पुष्कळ दिवस समजत होतो. आता वाटते की इच्छा मुबलक होती. तिला धरणासारखा दरवाजा नव्हता.

तो दरवाजा कसा असतो, हे मला उल्हासनगरात एका नातलगांच्या घरी काही दिवस राहिलो तेव्हा दिसले. नळाला पाणी पहाटे येई. घरातील मावशी, वय सत्तरीच्या पुढचे, घड्याळाच्या गजराविना उठत; अंधारात नळाची तोटी आधी फुसफुसे, मग खोकल्यासारखा आवाज करी, आणि तेवढ्यात त्यांची कळशी तोटीखाली गेलेली असे. पिंप भरेपर्यंतच्या अवकाशात त्या ओसरीवर बसून जपाची एक माळ पुरी करीत. ‘‘इतक्या वर्षांत चुकले नाही का?’’ या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, ‘‘चुकतं की! पाणीच आलं नाही तर काय करणार? दुसऱ्या दिवशी धरायचं.’’

या नेमात आणि या उत्तरात मानसशास्त्राचे दोन सिद्धान्त सहज सामावले आहेत. जर्मन शास्त्रज्ञ पीटर गोल्वित्झर यांनी दाखवले की ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ असा संकल्प नुसत्या ‘मी करीन’पेक्षा अधिक फळतो; मावशींच्या जपाला नळाची तोटी हीच खूण होती. लंडन येथील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला, तेव्हा सवय अंगवळणी पडण्यास लागलेला मध्यक काल ६६ दिवसांचा निघाला. परंतु कोणाला १८ दिवस पुरले असते, तर कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. एकवीस दिवसांचा मंत्र विकणाऱ्यांनी हे आकडे अवश्य वाचावेत. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही असेही आढळले, आणि हेच मावशींचे ‘दुसऱ्या दिवशी धरायचं’.

आपल्याकडे नेमाची परंपरा जुनी आहे, आणि ती केवळ देवघरातली नव्हे. पेशव्यांच्या दफ्तरात रोजकीर्द होती. स्वारी असो वा सण, त्या त्या दिवसाचा जमाखर्च त्या त्या दिवशी चढवावयाचा, हा कारकुनाचा शिरस्ता. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा नेम आपल्या देहावर लावला, मग संस्थानातील शाळांवर. राजाने स्वतः घाम गाळल्यावाचून रयतेला आज्ञा करणे त्यांना मानवले नसावे. मला त्यांचे मोठेपण नमस्कारांच्या संख्येत वाटत नाही. चित्रकला आणि राज्यकारभार सांभाळणाऱ्या माणसाने रोज तीच हालचाल करताना येणारा कंटाळा पचवला, यात ते आहे.

कंटाळा हा उत्साहाहून अधिक विश्वासू शत्रू. तो न चुकता येतो. म्हणून नेम लहान असावा, इतका की आजारी दिवशीही उरकता यावा. एक पान, पाच नमस्कार, हिशेबाच्या चार ओळी.

त्या घरातून मी निघालो त्या दिवशी पाणी नेहमीपेक्षा लवकर गेले. पिंप पाऊणच भरले होते. मावशींनी माळ डब्यात ठेवली, कळशी विसळली, आणि उद्याकरिता ती तोटीखाली पालथी घातली.