गेले वायू शोधायला, सापडला पाऊस

पेटता बर्फ ही अतिशयोक्ती नाही. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकला की दिसायला साध्या बर्फासारखा खडा तयार होतो. काडी लावली तर तो जळतो आणि खाली पाणी ठिबकतं. हेच मिथेन हायड्रेट. एक घनमीटर खड्यात सुमारे १६४ घनमीटर वायू दाटीवाटीने बसलेला असतो. त्याला थंडी हवी आणि डोक्यावर प्रचंड दाब हवा, म्हणून तो खोल समुद्रतळाच्या गाळात सापडतो.

२००६ साली ‘जॉयडीस रिझोल्यूशन’ हे खोदकामाचं जहाज या खड्यांच्या शोधात भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर ११३ दिवस फिरलं. अरबी समुद्रात, केरळ-कोकण खोऱ्यात हायड्रेट मिळालं नाही. कृष्णा-गोदावरी खोऱ्यात मात्र एका ठिकाणी सुमारे १३० मीटर जाडीच्या थरात ते चिकणमातीच्या भेगाभेगांत भरलेलं निघालं.

अडचण अशी, की हायड्रेट हाती लागता लागता निसटतं. गाळाने भरलेली नळी, म्हणजे कोअर, वर येईतो दाब उतरतो, ऊब लागते आणि खडा विरघळू लागतो. सुटलेल्या वायूने गाळ फुगतो. मग प्लॅस्टिकच्या नळीला भोकं पाडून वायूला वाट द्यायची, नाहीतर गाळ टोकातून उसळून बाहेर येतो. म्हणून कोअर डेकवर येताच त्यावर इन्फ्रारेड कॅमेरा फिरवतात. विरघळताना हायड्रेट आजूबाजूची उष्णता ओढून घेतं, त्यामुळे ते होतं तिथला गाळ गार पडलेला दिसतो. शिवाय बनताना ते मीठ बाहेर टाकतं, म्हणून विरघळल्यावर तिथलं पाणी कमी खारट भरतं. माठ उचलून नेला तरी खालची फरशी गार आणि ओली लागते, तसंच हे.

वायू उडून गेला, गाळ उरला. मला विचाराल तर खरा ऐवज तोच.

गोदावरीच्या मुखासमोर याच मोहिमेत काढलेल्या एका कोअरला संशोधकांनी वेगळाच प्रश्न विचारला, आणि २०१२ साली त्याचं उत्तर छापून आलं. गोदावरी त्र्यंबकेश्वराहून निघते, मराठवाडा ओलांडते, प्राणहितेतून विदर्भाचं पाणी घेते. येताना माती आणते आणि मातीबरोबर पानांवरचं मेण. अळूच्या पानावरून पाणी ओघळून जातं ते अशाच मेणामुळे. हे मेण गाळात हजारो वर्षं टिकतं. झाडांच्या मेणात जड कार्बन कमी असतो. कोरड्या माळावर तग धरणारी गवतं आणि त्यांच्याच गोतातली ज्वारी-बाजरी यांच्यात तो जास्त.

कोअरमधल्या मेणाचा कल सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून गवताकडे सरकू लागला. १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत तो सरकत राहिला आणि पुढे तिथेच टिकला. म्हणजे दख्खन हळूहळू कोरडी होत गेली. त्याच गाळातले फोरॅमिनिफेरा, म्हणजे वाळूच्या कणाएवढे सूक्ष्मजीवांचे शिंपले, दुजोरा देतात. गेल्या ३,००० वर्षांत बंगालच्या उपसागराचं पाणी मधूनमधून नेहमीपेक्षा फार खारट झालं होतं. नद्यांचं गोडं पाणी आटल्याची ही खूण. शिलालेखात न कोरलेले दुष्काळ असे शिंपल्यांत नोंदले गेले.

पाऊस घटला तर मातीही कमी वाहून जायला हवी, असं वाटेल. झालं उलटंच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की याच काळात गाळ वाढला आणि त्यात दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या मातीचा वाटा वाढत गेला. झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली, शेती पसरली. सरींना अडवायला काही उरलं नाही. त्या काळात प्रवरेकाठी, दायमाबादला शेतकऱ्यांचं गाव नांदत होतं. त्यांच्या शिवारातून धुपलेल्या मातीची वाट प्रवरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून त्याच मुखाकडे जात होती.